सूचना: शनिवारी मासेमारीचे जुने रीळ उघडून तपासणार

सभासदहो, टार्पन माशाचा मोसम तोंडावर आला आहे. येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता फ्लोरिडातल्या इस्लामोराडाच्या नेहमीच्या धक्क्यावर जमायचे आहे. सीमास्टर, फिन-नॉर, बिली पेट, जे जुने रीळ यंदा पाण्यात उतरणार असेल ते आणा. नुसते कपाटात ठेवायचे असेल तर आणू नका.

१. येण्याआधी ड्रॅगची (सुटणाऱ्या दोरीला रोखणाऱ्या ब्रेकची) चकती पूर्ण सैल करा. वर्षभर आवळून ठेवलेले त्यातले कॉर्क चपटे होते. मग मासा पळाला की ड्रॅग झटके देतो आणि लीडर (गळाजवळची बारीक दोरी) तुटतो.

२. कॉर्कला नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल) दोन-तीन थेंबच, बोटाने चोळून. जादा पुसून टाका. स्प्रे मारू नका.

३. अ‍ॅल्युमिनियममधल्या स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर जोर लावू नका. खाच गेली की तसा स्क्रू मिळत नाही.

४. जुने डेक्रॉन बॅकिंग (मुख्य दोरीमागची राखीव दोरी) गाठ मारून ओढून बघा. तुटले तर सगळे बदला, किमान २०० यार्ड, ३० पौंड ताण सोसणारे.

डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनो, मासा धावताना दोरीबरोबर रिळाची मूठही गरगर फिरते, तिच्यापासून बोटे लांब!

परतल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार पुरे. जोराच्या पाइपने मीठ आतच जाते.