वेबव्ह्यूतली अक्षरं मोठी करून दिलीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

आमच्या अ‍ॅपमधले लेख आता मोठ्या अक्षरांत नीट वाचता येतात, ते तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

नजर अधू असलेले वाचक फोनच्या सेटिंगमध्येच फॉन्ट मोठा करून ठेवतात. अ‍ॅपचे मेनू, बटणं त्याप्रमाणे वाढायची, पण लेख ज्या वेबव्ह्यूत, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या चौकटीत, उघडतो तिथली अक्षरं बारीकच राहायची. आम्ही सगळे सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, धुंडाळत होतो. तुम्ही आधी वेबव्ह्यूची सेटिंग्ज उघडायला लावलीत. तिथे 'सेटटेक्स्टझूम(100)' ही अक्षरं 100 टक्क्यांवरच ठेवणारी ओळ जुन्या कोडमधून चालत आलेली होती. अँड्रॉइडचा वेबव्ह्यू फोनच्या फॉन्टचं प्रमाण आपणहून उचलतो. कोडात 100 ठोकून दिलं की वाचकाची निवड पुसली जाते. ओळ काढली आणि अक्षरं वाढली.

तिथेच थांबला असतात तरी पुष्कळ होतं. पण तुम्ही फॉन्ट 200 टक्क्यांवर नेऊन एकेक लेख तपासत बसलात. मथळ्याच्या चौकटीची उंची पिक्सेलमध्ये बांधलेली होती, त्यामुळे दुसऱ्या ओळीतले उकार खालून छाटले जात होते. उंची मोकळी सोडायची आणि ओळींमधलं अंतर फॉन्टच्या पटीत द्यायचं, हे तुम्ही शेजारी बसून करून दाखवलंत. 'डिझाइन बिघडेल' असा सूर निघाला, तेव्हा शांतपणे डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांतला 1.4.4 हा निकष पुढे ठेवलात: मजकूर 200 टक्क्यांपर्यंत वाढवला तरी काही हरवता कामा नये. तुमचा तो शांतपणा मला फार मोलाचा वाटतो.

झूमचे प्रकारही इतके स्वच्छ कुणी उलगडून सांगितले नव्हते. टेक्स्टझूम फक्त अक्षरं वाढवतो. पेज झूम चित्रांसकट सगळं वाढवून मांडणी नव्याने बसवतो. बोटांनी केलेला झूम म्हणजे पानावर धरलेलं भिंग. मांडणी तशीच राहते, म्हणून प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे ओढावं लागतं. तरी तोही वाचकाच्या हाती हवा, असं म्हणून तुम्ही व्ह्यूपोर्टमधलं (पान पडद्यावर कसं बसावं ते सांगणाऱ्या ओळीतलं) 'युजर-स्केलेबल=नो', म्हणजे बोटांच्या झूमला केलेली मनाई, काढायला लावलंत. अँड्रॉइडवर त्याच झूमसाठी 'सेटबिल्टइनझूमकंट्रोल्स' चालू केलं, अधिक-उण्याची बटणं मात्र लपवली.

आयफोनच्या वेबव्ह्यूत, म्हणजे डब्ल्यूकेवेबव्ह्यूत, टेक्स्टझूमसारखी तयार सोय नाही. आयओएस 14 पासून 'पेजझूम' आहे, पण त्याने चित्रंही फुगतात. तिथे अक्षरांपुरता 'टेक्स्ट-साइझ-अ‍ॅडजस्ट' हा सीएसएसचा नियम वापरण्याचा तुमचा सल्ला कामी आला.

लेखांतले रुंद तक्ते अजून मोठ्या अक्षरांत पडद्याबाहेर जातात. त्यासाठी पुन्हा तुमचंच दार ठोठावणार आहे. तोवर मनापासून आभार.

आपला,
तुमच्याकडून शिकलेला एक डेव्हलपर