पेटी मोडायची नाही

कोपनहेगन,
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आई, माईआजीच्या पेटीतला माझा वाटा काढून ठेवलाय असं तू गुरुवारी फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं "नको" म्हणाले. तू लगेच भाजीचा विषय काढलास. तुझा आवाज मला कळतो गं. म्हणून पत्र लिहायला बसले. यात मधेच कुणाला फोन ठेवता येत नाही आणि बाबांनाही चष्मा लावून सावकाश वाचता येईल.

आधी निर्णय सांगते. मी वाटा घेणार नाही. काल दादाशी आणि वहिनीशी बोलून झालंय. तन्मणी सांगलीत, चिंचपेटी इकडे, असं करायचं नाही. पेटी घराची राहील. घरात जी सून असेल तिने ती सांभाळायची आणि घरच्या लेकींनी लग्नकार्यात हक्काने घालायला मागायची. मला ती नकोशी आहे असं मनातही आणू नकोस. मला ती अख्खी हवी आहे, म्हणूनच अर्धी नको.

हे इथल्या एका राणीकडून शिकले. सोफी मॅग्डालेन तिचं नाव, डेन्मार्कच्या सहाव्या ख्रिश्चन राजाची बायको. १७४६ मध्ये तिने मृत्युपत्र केलं, की माझे दागिने कुणा एकाच्या नावावर करू नका, ते गादीकडे राहू देत आणि जी राणी असेल तिने वापरावेत. या घराण्यात जवाहीर थोडं आणि गादीचं म्हणावं असं तर काहीच नाही, हे कारणही तिने नोंदवलं. १७७० मध्ये ती गेली. त्यानंतर किती सुना आल्या, किती लेकी परदेशी दिल्या गेल्या, पण तिचे खडे आजही रोझेनबोर्ग किल्ल्याच्या तळघरात एकत्र आहेत. मुख्य संच चार आहेत: एक हिऱ्यांचा, एक पाचूंचा, एक मोती-माणकांचा आणि एक जुन्या गुलाबी पैलूच्या हिऱ्यांचा. गुलाबी म्हणजे रंग नव्हे हं. तळ सपाट आणि वर कळीसारखे पैलू, म्हणून ते नाव. हे दागिने फक्त राणीने घालायचे आणि तेही देशातच. ती परदेश दौऱ्यावर निघाली की हे घरीच राहतात. एरवी ते काचेआड असतात आणि तिकीट काढून कुणीही बघू शकतं. जानेवारी २०२४ मध्ये मार्गरेथे राणी पायउतार झाली आणि सून मेरी राणी झाली. या दागिन्यांची वाटणी करायचा प्रश्नच आला नाही. राणी बदलली, डबे जागच्या जागी राहिले.

बाबा, तुम्ही म्हणाल की मग वहिनीच्या गळ्यात जन्मभर जुनी घडण. तसं नाही. सोफी मॅग्डालेनने राखून ठेवले ते खडे. घडण पुढच्या राण्यांनी आपापल्या काळाप्रमाणे बदलली. आज दिसणारे चारही संच १८४० च्या सुमाराचे आहेत. तेव्हाच्या राणीने, कॅरोलिन अमेलीने, दरबारी सोनाराकडून जुने दागिने उकलून नव्याने करून घेतले. घराचा दागिना घरातच राहून नवा झाला, ते मोडणं नव्हे. बकुळहाराचं झालं ते मोडणं. त्याबद्दल मी कुणालाच बोल लावत नाही, बाबा. तेव्हा पैसा लागणारच होता.

खाजगी दागिन्यांचंही बघा. डेन्मार्कचा माणकांचा साज १८०४ मध्ये नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी पॅरिसमध्ये घडला. नेपोलियनच्या एका सेनापतीच्या बायकोने, देझिरे क्लारीने, तो घातला होता. पुढे ती स्वीडनची राणी झाली आणि त्या घराण्याची एक लेक लग्न होऊन डेन्मार्कला आली, तिच्याबरोबर तोही आला. मार्गरेथेच्या आईने, इन्ग्रिड राणीने, तो नातवासाठी म्हणजे मेरीच्या नवऱ्यासाठी ठेवला, म्हणून तो मेरीकडे आला. तिने त्यातला टियारा, म्हणजे डोक्यावरचा मुकुटासारखा दागिना, २०१० मध्ये आपल्या डोक्याला शोभेल असा थोडा बदलून घेतला. माणकं तीच आहेत.

आता आई, तुझ्या मनातलं. "लेकीला काहीच दिलं नाही" असं तुला वाटतंय ना? मग इन्ग्रिडच्या आईचं ऐक. मार्गारेट तिचं नाव. १९०५ मध्ये तिच्या लग्नात इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, तिला हिऱ्यांचा टियारा दिला, वेलबुट्टीसारख्या गुंडाळ्यांचा. १९२० मध्ये मार्गारेट अचानक गेली. इन्ग्रिड तेव्हा दहा वर्षांची होती. टियारा तिच्याकडे आला. पुढे तिच्या तिन्ही लेकी तो घालून बोहल्यावर चढल्या: धाकटी ॲन-मारी १९६४ मध्ये, मार्गरेथे १९६७ मध्ये आणि बेनेडिक्टे १९६८ मध्ये. नातींनीही तोच घातला. प्रत्येकीने घातला आणि परत ठेवला. स्वीडनमध्येही तसंच. तिथला सोन्यामोत्यांचा कोरीव शिंपल्यांचा टियारा राणी सिल्व्हियाने १९ जून १९७६ ला लग्नात घातला आणि लेक व्हिक्टोरियाने १९ जून २०१० ला. मला एवढंच हवंय. इराच्या लग्नात मोत्याची नथ मागायला येईन आणि सत्यनारायण झाला की ती परत पेटीत ठेवेन. तू मला ती नथ घालून पहिल्यांदा आरशासमोर उभं केलंस, मी शिंकले आणि तू हसून हसून बाजेवर बसलीस. तो माझा वाटा मला केव्हाच मिळालाय.

आता कामाचं. दोघांनी लक्ष देऊन वाचा.

आई, डब्यांना लावलेले रबर बँड काढ. रबरात गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. इथल्या जुन्या टियारांत हिरे चांदीत बसवलेले असतात, कारण प्लॅटिनम यायच्या आधी हिरा पांढरा दिसायला चांदीच लागायची. केसांना काळं लागू नये म्हणून मागची बाजू सोन्याची. ती चांदी वर्षानुवर्षं उजळ ठेवायला रबर आणि लोकर दूर ठेवतात. तुझी चांदीची वाकी काळी पडली ती हवेने कमी आणि त्या दोन पिवळ्या रबरांनी जास्त.

तन्मणीचं खोड, ते मधलं पदक, रिठ्याच्या पाण्यात बुडवायचं नाही. कितीही मळकं दिसलं तरी. त्याचं कोंदण मागून बंद आहे आणि खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा आहे, त्यानेच खडा चमकतो. फटीतून पाणी आत गेलं की पत्रा काळवंडतो आणि मग वरून कितीही पुसा, खडा मेलेलाच दिसतो. युरोपातल्या गुलाबी पैलूच्या जुन्या हिऱ्यांचं अगदी हेच दुखणं आहे. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, बस. टूथपेस्ट तर कशालाच लावायची नाही, तिने सोन्यावर ओरखडे पडतात.

मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे. आधी पावडर, अत्तर, गजरा. घाम आणि आंबट, दोन्ही मोत्याला खातात. काढल्यावर किंचित ओल्या सुती कापडाने पुसायचे आणि पूर्ण वाळल्यावर मलमलीत गुंडाळायचे. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस. सराफाचा तो गुलाबी कागदही काढून टाक, ओल लागली की रंग सोडतो. हिऱ्याच्या कुड्या वेगळ्या डबीत ठेव, हिरा मोत्याला ओरबाडतो. तन्मणीच्या सरात मोत्यांमध्ये दोरा दिसायला लागलाय, मी गणपतीत पाहिलं. दोरा ताणला गेलाय, तो तुटायची वाट बघायची नाही. पटवेकऱ्याकडून गाठवून घे, आणि देताना व घेताना मोती मोजून घे.

एका वेळी एकच दागिना दुरुस्तीला द्यायचा. नॉर्वेच्या मॉड राणीचा मोत्यांचा टियारा १९९५ मध्ये लंडनला एका जवाहिऱ्याकडे दिला होता, तिथून तो चोरीला गेला. आज तिथली राणी घालते ती नव्याने केलेली प्रतिकृती. पेटी एकदम कुणाच्याही दुकानात न्यायची नाही, सराफ कितीही घरचा असो.

बाबा, एक वही तुमच्यासाठी. प्रत्येक दागिन्याला एक पान. नाव, ग्रॅममध्ये वजन, मोती किती, खडे किती, फिरकी मूळची की बदललेली, कुणाकडून आला. फोटो समोरून एक आणि मागून एक, शेजारी पट्टी ठेवून. मागचा विसरू नका, दुरुस्तीच्या खुणा मागेच असतात आणि दागिना ओळखता येतो तो मागूनच. तुमच्या अक्षरात हवं, दादाच्या नको. आणि सोफी मॅग्डालेनने केलं तसं दोन ओळींत लिहून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. तोंडी बोललेलं पुढच्या पिढीला ऐकू येत नाही. हे लिहायला सांगताना माझा हात जड झालाय, पण घाई मला तुमची नाही, दागिन्यांची आहे. लॉकरवर दादाचं नाव जोडून घ्या.

आणि स्टुलावर चढून माळ्यावरून पेटी काढायची नाही. वहिनीने मला सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. पेटी लॉकरमध्ये जाईपर्यंत कपाटाच्या मधल्या कप्प्यात राहील. शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, जेवणानंतरची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा रात्री काढून झोप. नवीन गादी आली का? कडक वाटली तर तशीच सोसू नका, दादाला सांगा, तो बदलून आणेल. बाथरूममधला दांडा बसवून झाला की मला फोटो पाठवा.

पुढच्या रविवारी मी सकाळी अकराला फोन करीन. आई, तेव्हा रागावलीस तरी चालेल, पण भाजीचा विषय काढू नकोस.

तुमची,
सोनू

ता. क. रबर बँड आजच काढ. पत्र खाली ठेवायच्या आधी.