एकाच नावाच्या तीन पदव्या

चि. मुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही अभ्यासक्रम मी या आठवड्यात दोनदा वाचून काढले. "यातला सगळ्यांत चांगला कोणता?" असे तू फोनवर विचारलेस तेव्हा मी उत्तर टाळले, कारण प्रश्नात काहीतरी चुकते आहे एवढेच मला जाणवत होते आणि काय चुकते आहे ते सांगता येत नव्हते. आता ते सांगता येईल असे वाटते. तिन्ही पदव्यांवर आरोग्य अर्थशास्त्र हेच नाव छापलेले असले, तरी आतमध्ये तीन निरनिराळे विषय आहेत, आणि त्यांतून बाहेर पडणारी माणसेही तीन निरनिराळ्या प्रकारची कामे करतात. त्यामुळे सगळ्यांत चांगला कोणता हे ठरवण्याच्या आधी तुला कोणत्या प्रश्नावर दिवसचे दिवस बसून काम करावेसे वाटेल, ते ठरवायला हवे.

मी या विषयाची विद्यार्थिनी नव्हते, हे तुला ठाऊकच आहे. पण रुग्णालयाच्या खरेदी विभागात मी सव्वीस वर्षे काढली, आणि तू जे शिकायला निघाली आहेस त्याची उणीव मी त्या टेबलावर रोज अनुभवली. एक वर्ष मला विशेष आठवते. शिल्लक निधी एकच होता आणि प्रस्ताव दोन होते: एक नव्या स्कॅनरचा, दुसरा डायलिसिसची तिसरी पाळी सुरू करण्याचा. स्कॅनरच्या प्रस्तावाला विक्रेत्याची सुबक पुस्तिका जोडलेली होती. तिसऱ्या पाळीच्या प्रस्तावाला एका परिचारिकेने हाताने लिहिलेले दीड पान होते. स्कॅनर आला. तो निर्णय चूक होता असे मी आजही म्हणू शकत नाही, कारण बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी दोन्ही प्रस्ताव एका मापाने मोजायला हवे होते आणि ते माप आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. स्कॅनरखाली झोपलेला रुग्ण सर्वांना दिसत होता. न सुरू झालेल्या पाळीत ज्यांना जागा मिळाली असती, ते कोणाच्याच नोंदीत आले नाहीत. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

तू पाठवलेला दुसरा अभ्यासक्रम नेमका या मापाविषयी आहे. आर्थिक मूल्यमापन हा त्याचा गाभा. वाढलेले आयुष्य आणि त्या आयुष्याची प्रत यांचा गुणाकार करून उपचाराचा लाभ मोजायचा, ही त्यातली मूळ कल्पना. या एककाला क्वॉली म्हणतात. पूर्ण निरोगी वर्षाची प्रत १ धरतात. एखाद्या उपचाराने चार वर्षे मिळत असतील पण ती ०.५ एवढ्या प्रतीची असतील, तर हाती दोन क्वॉली येतात. दुसऱ्याने तीनच वर्षे मिळत असतील पण ती ०.८ प्रतीची असतील, तर २.४ येतात, म्हणजे कमी जगवणारा उपचार या हिशेबात अधिक मोलाचा ठरतो. मग जादा क्वॉलीमागे जादा खर्च किती, हे काढायचे. ब्रिटनमध्ये १९९९ साली स्थापन झालेली 'नाइस' ही संस्था नव्या औषधांबाबतचे निर्णय अशा हिशेबाच्या आधारे देते, आणि थायलंडमध्ये २००७ पासून 'हायटॅप' हेच काम करते. निर्णय घेणारे लोक हा हिशेब खरोखर वाचतात.

पण हे माप स्वच्छ आहे असे मानून तू तिकडे जाऊ नकोस. ते ०.८ कुठून येते, ते बघ. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलींपैकी एक आहे ईक्यू-५डी. हिंडणे-फिरणे, स्वतःचे स्वतः आवरणे, नेहमीची कामे, वेदना, आणि चिंता किंवा उदासी अशा पाच बाबी. प्रत्येकीच्या पाच पातळ्या. म्हणजे एकूण ३,१२५ अवस्था. या अवस्थांना जे मोल दिले जाते ते बहुधा त्या अवस्थेत जगणाऱ्यांना विचारून ठरवलेले नसते, तर सर्वसाधारण नागरिकांना "अशी अवस्था आली तर?" अशी कल्पना करायला लावून ठरवलेले असते. चाकांच्या खुर्चीत वीस वर्षे जगलेला माणूस स्वतःच्या आयुष्याला जे मोल देईल, ते धडधाकट माणसाच्या कल्पनेतल्या मोलापेक्षा पुष्कळदा जास्त असते. यातले कोणाचे मोल धरायचे, याचे उत्तर गणित देत नाही. म्हणून ज्या अभ्यासक्रमात न्याय आणि नीतीच्या प्रश्नांना स्वतंत्र जागा नाही, त्यावर मी फुली मारेन. दुसऱ्या अभ्यासक्रमात ती जागा दुसऱ्या सत्रात आहे, आणि ऐच्छिक नाही, हे मला आवडले.

तिथेच वटावाचाही प्रश्न येतो. भविष्यातला लाभ आजच्या हिशेबात कमी धरायचा, ही रीत तू आजवर फक्त पैशाच्या बाबतीत ऐकली असशील. इथे ती आरोग्यालाही लावतात. दरसाल ३.५ टक्के वटाव धरला तर वीस वर्षांनी मिळणारे निरोगी वर्ष आजच्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्या मोलाचे होते. शस्त्रक्रियेचा लाभ लगेच दिसतो, लशीचा अनेक वर्षांनी. म्हणजे एक दर किंचित वरखाली केला की प्रतिबंध आणि उपचार यांच्यातला कल बदलू शकतो. तू औषधनिर्माणशास्त्र शिकलीस, रेणूच्या रचनेतला एक बंध बदलला की सगळे औषध बदलते हे तू मला कितीदा समजावले आहेस. अशा हिशेबाच्या मॉडेलमधल्या एका गृहीतकाचे तसेच असते.

आता पहिला अभ्यासक्रम. तो अर्थशास्त्र विभागाचा आहे आणि त्याची मांडणी निराळी आहे: आधी सूक्ष्म अर्थशास्त्र, सोबत अर्थमितीची, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याच्या शास्त्राची, दोन सत्रे, आणि मग आरोग्य. त्याचा मूळ प्रश्न असा की माणसे, डॉक्टर, रुग्णालये आणि विमा कंपन्या जसे वागतात तसे का वागतात. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये एका लेखात हे मांडले, आणि या विद्याशाखेचा आरंभ पुष्कळ जण तिथूनच धरतात. आजार केव्हा येईल ते ठाऊक नसते, उपचाराने गुण येईल की नाही तेही ठाऊक नसते, आणि रुग्णाला हवी असलेली माहिती विकणाऱ्याकडेच असते. म्हणून इथला बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, आणि विश्वास, परवाने, व्यावसायिक नीती या गोष्टी त्या उणिवा भरून काढायला उभ्या राहतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या शाखेचे सौंदर्य तिच्या प्रयोगांत आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने कुटुंबांना यादृच्छिक पद्धतीने वेगवेगळ्या विमा योजना दिल्या: काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलण्याच्या अटीवर. ज्यांना खिशातून द्यावे लागत होते त्यांनी सेवा बरीच कमी वापरली, आणि सरासरी माणसाच्या प्रकृतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. एवढ्यावर थांबणाऱ्याला वाटेल, की मग शुल्क लावणेच योग्य. परंतु लोकांनी अनावश्यक उपचार टाळले तसेच आवश्यकही टाळले, आणि जे गरीब होते व आधीच आजारी होते, त्यांचा रक्तदाब मोफत योजनेतल्या तशाच लोकांपेक्षा कमी ताब्यात राहिला. ओरेगॉन राज्यात २००८ मध्ये सरकारी विम्याच्या मर्यादित जागांसाठी सोडत काढली गेली, तेव्हा संशोधकांना अशीच तुलना आयती मिळाली. विमा मिळालेल्यांत नैराश्य कमी झाले, आजारपणामुळे होणारी आर्थिक ओढाताण पुष्कळ घटली. पण दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखरेच्या मोजमापांत ठोस सुधारणा सिद्ध झाली नाही. त्यावर कोणी म्हणाले विमा कुचकामी ठरला, कोणी म्हणाले विम्याचे मूळ कामच माणसाला कर्जातून वाचवण्याचे आहे. आकडेवारी एकच होती. ती वाचून तुझ्या डोक्यात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहत असेल, तर पहिला अभ्यासक्रम तुझा आहे, आणि तुला बहुधा पुढे पीएच. डी.ही करावीशी वाटेल.

तिसऱ्याविषयी थोडक्यात लिहिते. तो सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे; त्यात वित्तपुरवठा, धोरण, व्यवस्थापन, रोगांचा भार असे सगळे आहे आणि अर्थशास्त्राचे दोनच विषय आहेत. ज्याने आरोग्यसेवेत दहा-पंधरा वर्षे काम केले आहे आणि ज्याला आपल्या अनुभवाला चौकट हवी आहे, त्याच्यासाठी तो उत्तम आहे. तुझ्यापाशी तो अनुभव अजून नाही, आणि हत्यारांवाचून चौकट घेऊन तू बाहेर पडशील अशी मला काळजी वाटते.

तुझा कल तिसऱ्याकडे आहे, हे मी ओळखून आहे, आणि त्याचे कारणही ओळखून आहे. त्यात संख्याशास्त्र सर्वांत कमी आहे. मुक्ता, या एका कारणासाठी तो निवडू नकोस, एवढी माझी विनंती आहे. बारावीनंतर तुझा गणिताशी संबंध तुटला हे खरे, आणि अर्थमितीच्या पहिल्या दोन महिन्यांत तुला वर्गात सर्वांत मागे असल्यासारखे वाटेल हेही खरे. पण माझ्या टेबलावर जी पुस्तिका आली होती तिच्यातही आकडे होते, आणि ते खोटे नव्हते. एका तपासणीचा खर्च दिलेला होता. देखभालीचा करार, तंत्रज्ञांचे वेतन, यंत्र बंद राहण्याचे दिवस दिलेले नव्हते. तुलना कोणाशी केली, किती वर्षांचा विचार केला, काय वगळले, यावर निष्कर्ष ठरतो, आणि जिला स्वतः मॉडेल बांधता येते तिलाच ते वगळलेले दिसते. उद्या तू औषध कंपनीत काम केलेस, तर तुझ्याकडून कंपनीच्या बाजूचे मॉडेल मागितले जाईल. शासकीय संस्थेत केलेस, तर तेच मॉडेल तपासायला तुझ्यापुढे येईल. दोन्ही कामे प्रामाणिकपणे करता येतात. दोन्हीकडे तुला त्या आकड्यांच्या आत शिरता आले पाहिजे.

तेव्हा माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे, मात्र काही गोष्टी विचारून घेतल्यावरच. विभागाला पत्र लिहून विचार की विद्यार्थी निर्णयवृक्ष (पर्याय आणि त्यांचे परिणाम फांद्यांसारखे मांडणारा आराखडा) आणि मार्कोव्ह मॉडेल (रुग्ण ठराविक काळाने एका अवस्थेतून दुसरीत कसे जातात त्याचा हिशेब) कोऱ्या पानापासून स्वतः बांधतात, की तयार मॉडेलमध्ये आकडे भरतात. आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालींपैकी काय शिकवतात, आणि ते किती तास. प्रबंधासाठी विदा, म्हणजे मूळ आकडेवारी, कोठून मिळते. कारण एक वर्षाच्या पदवीत विद्यार्थ्याने विदा शोधण्यातच तीन महिने घालवले, तर प्रबंधाला उरते काय? मागच्या दोन वर्षांचे प्रबंधांचे विषय मागून घे. माझ्या समजुतीने त्या यादीवरून विभागाची जेवढी ओळख होते, तेवढी माहितीपत्रकातल्या कोणत्याही मजकुरावरून होत नाही. शिकवणाऱ्यांनी अलीकडे काय लिहिले आहे तेही पाहा: सगळेच एका आजाराच्या औषधांवर लिहीत असतील, तर तुलाही तिकडेच ओढतील.

क्रमवारीकडे तू फार पाहू नकोस असे मी म्हणणार होते, पण ते पूर्ण खरे नाही. मोठ्या विभागात व्याख्यानांना बाहेरची माणसे येतात, आणि सोबत शिकणाऱ्यांपासून पुष्कळ शिकायला मिळते. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, अर्थशास्त्राचे पदवीधर असे मिश्र वर्ग असतील तर फारच उत्तम, कारण तुला ज्याची भीती वाटते ते त्यांना येत असते आणि तुला औषधांबद्दल जे सहज येते ते त्यांना येत नसते. तरीही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, आणि तू मात्र चार-पाच शिक्षकांच्या हाताखाली शिकणार आहेस.

शिकवणी शुल्काची चिंता या निर्णयात आणू नकोस. त्याबद्दल बाबा आणि मी बोललो आहोत, आणि तिन्हींसाठी उत्तर एकच आहे.

दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पूर्वतयारीसाठी त्यांनी सरावाची उदाहरणे दिली आहेत. अर्ज करण्याआधी त्यांतली पहिली चार स्वतः सोडवून पाहा. चौथ्यात एका काल्पनिक उपचाराचे तीन अवस्थांचे मॉडेल आहे: निरोगी, आजारी, मृत. मी ते कागदावर मांडून पाहिले. तिसऱ्या वर्षापर्यंत जमले, पुढे अडले. तुला जमते की नाही यापेक्षा, अडल्यावर पुन्हा त्याच्याकडे जावेसे वाटते की नाही, ते मला रविवारी सांग.

तुझी,
आई