निषेधाचा मसुदा, आणि माणसातून उठवणे

प्रिय दिलीप,

तुझे पत्र आणि सोबतचा निषेधाच्या ठरावाचा मसुदा, दोन्ही पोचले. शेवटी तू विचारले आहेस की, तुमच्या सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत सफाईला माणसे उतरवून मृत्यू ओढवणाऱ्या कंत्राटदाराचा आणि ते चालू देणाऱ्या सेक्रेटरीचा असा जाहीर निषेध करणे म्हणजे त्यांना माणसातून उठवणेच नव्हे का?

नाही. निषेध माणसाचाच होतो. विंचू चावला तर आपण विंचवाचा निषेध करत नाही, त्याला चपलेने ठेचतो. पुराचा निषेध कुठल्या सभेत झाला आहे? ज्याला कळत होते, ज्याला वेगळे वागता आले असते आणि जो उभा राहून उत्तर देऊ शकतो, त्यालाच दोष लागतो. मात्र तुझ्या मसुद्यात त्या दोघांना माणसातून उठवलेले आहेच, तेही तिसऱ्याच ओळीत. तिथे तू 'नराधम' आणि 'गिधाडे' लिहिले आहेस. हाताने मैला सफाई करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा गिधाडाला लागू होत नाही, दिलीप. या शब्दांनी त्यांचा अपमान होतो म्हणून मी अडत नाहीये. या शब्दांमुळे ते दोघे सुटतात, म्हणून अडतोय.

ती ओळ काढ आणि तिच्या जागी घडले ते लिही. कोणत्या तारखेला, किती वाजता, टाकी किती फूट खोल, उतरायला कोणी सांगितले, मजुरी किती ठरली. मैला यंत्राने ओढून घेणारा सक्शन टँकर बोलावला होता का? नसेल तर कोणी नको म्हटले, आणि किती रुपये वाचवायला? वायू मोजायचे यंत्र, कमरेचा पट्टा, वर दोर धरून उभा माणूस, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, यातले काय होते? सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वर उभ्या असलेल्यांना वाटते, वायू निघून गेला. मग पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हे सगळे टाळता येण्यासारखे होते, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. त्यानंतर कायदा: अशा धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृताच्या कुटुंबाला तीस लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. पूर्वी ही रक्कम दहा लाख होती आणि तुझ्या मसुद्यात अजून तीच आहे, तेवढे दुरुस्त कर.

असे लिहिलेस की सेक्रेटरीला 'मला काय माहीत' म्हणायला जागा उरत नाही. 'नराधम' म्हटल्यावर मात्र तो उठून म्हणेल, मी तर रोज देवळात जातो, मी कसला नराधम! सभाही मान डोलावेल, कारण तो खरोखर रोज देवळात जातो.

पाचवी ओळ जास्त वाईट आहे. 'या लोकांची जातच तशी' असे तू रागात लिहिलेस, हे मला कळते. पण इथे कृत्य गेले आणि जन्म आला. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी नेमके हेच केले. चोरी कोणी केली हे न बघता सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्यावर हजेरी लादली आणि आपल्या सोलापुरात काटेरी तारेच्या आत वस्ती बसवली. कायदा १९५२ मध्ये गेला, तरी पोलिसांच्या संशयात त्या वस्त्यांची नावे पुढे राहिलीच. जन्मावर बसलेला ठपका पुसायचा कशाने? चांगले वागून तो पुसत नाही, कारण तो वागण्याबद्दल नव्हताच.

दुसरी वाट कशी असते ते महाडला बघ. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, आणि पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. डिसेंबरच्या परिषदेआधी ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना सोबत घेऊ नये या अटीवर. आंबेडकरांनी अट नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता, जन्माने ब्राह्मण असलेल्यांना नव्हता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मणच होते. एवढा जळजळीत निषेध महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल, तरी ज्याला त्या बाजूने यायचे होते त्याला दार उघडे होते.

तुझ्या ठरावाच्या शेवटी 'या कुटुंबांशी कोणीही संबंध ठेवू नये' असे आहे. ते तर नकोच. सेक्रेटरीच्या सासूने कोणाला टाकीत उतरवले? वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तो जातीधर्माच्या समूहांसाठी आहे, तुमच्या सोसायटीला थेट लागू होणार नाही, पण त्याचे कारण तुम्हालाही लागू आहे. वाळीत टाकण्याला मुदत नसते, आणि काय केले म्हणजे ते संपेल हेही कोणी सांगत नाही. म्हणून त्या जागी मागण्या लिही: सेक्रेटरीने पद सोडावे, पोलिसांत जबाब द्यावा, कंत्राटदाराचे काम बंद करावे, भरपाईचा अर्ज पंधरा दिवसांत जावा. ठराव मताला टाकण्याआधी त्या दोघांना दहा मिनिटे बोलू दे, आणि ते जे बोलतील ते इतिवृत्तात जसेच्या तसे घ्या.

एक मात्र लक्षात ठेव. हे सगळे आपल्यासारख्या मसुदा लिहिणाऱ्यांसाठी. मेलेल्याची बायको सभेत येऊन त्यांना राक्षस म्हणाली, तर तिला शब्द जपून वापरा असे सांगायला कोणी उठायचे नाही. तो उपदेश बहुतेक वेळा ज्यांचे काहीच गेलेले नाही तेच करतात.

सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव. टाकीची खोली आणि वेळ पंचनाम्याशी ताडून घे. आकडा एका ठिकाणी चुकला, तर सभा त्या आकड्यावरच दोन तास भांडेल.

तुझा,
अरुण