फोंडा घाटाखालच्या आजींना

तीर्थस्वरूप आजी,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पत्ता म्हणून माझ्याकडे एवढंच आहे: फोंड्याहून घाटाकडे निघालं की रस्त्यालगत चिऱ्यांचं घर, खळ्याच्या कडेला फणस आणि खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं. मे महिन्यात तिकडे अशी पन्नास घरं निघतील. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमच्या पुतण्याच्या हातातला मोबाइल सुटत नाही हे मी तीन तास पाहिलंय. कधीतरी त्याच्या नजरेस पडेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल.

ओळख पटावी म्हणून सांगते. पांढरी गाडी, बॉनेटमधून वाफ, आत पाच माणसं आणि एकाच पायात बूट असलेली सव्वादोन वर्षांची मुलगी. ते आम्ही.

तो आमच्या प्रवासाचा नववा दिवस होता. पुणे, कोल्हापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि परत. कागदावर झकास दिसत होतं. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. एरवी चार-साडेचार तासांत होतात, आम्हाला सात लागले. दर चाळीस किलोमीटरला शू, नाहीतर खाली पडलेला लाकडी हत्ती, नाहीतर नुसतंच "उतलायचंय". मुलांच्या सीटवर तिला बांधलं की ती अशी ओरडायची की शेजारच्या गाडीतले लोक काच खाली करून बघायचे. सासूबाई म्हणायच्या, दे इकडे मांडीवर. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर हजार रुपये दंड आहे, हे मी त्यांना साताऱ्याच्या आधी एकदा आणि कराडच्या पुढे एकदा ऐकवलं. त्यांनी पर्समधून पाचशेच्या दोन नोटा काढून पुढे केल्या.

आणि सल्ले! लहान मूल घेऊन बाहेर पडलेल्या बाईला सगळा महाराष्ट्र ओळखतो. टोलनाक्यावर शेजारच्या गाडीतल्या काकू म्हणाल्या, टोपी घाला हो तिला. पुढच्या हॉटेलात एक आजोबा म्हणाले, टोपी काढा, डोक्याला घाम येतोय. राधानगरीच्या पुढे, दाजीपूरच्या जंगलातल्या वळणांवर ती किरकिरायला लागली म्हणून मी मोबाइलवर कार्टून लावून दिलं. चूक माझीच. डोळ्यांना स्थिर पडदा दिसतो आणि कानाच्या आतल्या भागाला शरीर गरगरतंय असं कळतं. दोघांचं जमत नाही आणि पोटातलं बाहेर येतं. तसंच झालं, माझ्या अंगावर, सीटवर, सासऱ्यांच्या पिशवीवर. गाडी बाजूला घेऊन पुसत होते तर एक दुचाकीवाला थांबून म्हणाला, मोबाइल देऊ नका मॅडम. खरंच होतं त्याचं. पण त्या क्षणी मला तो कड्यावरून खाली दिसला असता तर वाईट वाटलं नसतं.

मालवणात सिंधुदुर्ग पाहायचा होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. आम्हाला नुसतं तिथवर पोचायला दोन दिवस लागले, कारण मुलगी होडी बघून जमिनीवर झोपायची. तिसऱ्या दिवशी एकदाची बसली आणि पाण्याला "टाटा" करत गेली. जाऊ दे, तो वेगळा विषय.

तर नवव्या दिवशी सावंतवाडीहून परत निघालो. डिकीत हापूसच्या दोन पेट्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, चितारआळीतली लाकडी खेळणी. एसी फुल्ल. कणकवली सोडून फोंड्याकडे वळल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढताना दिसला. निघण्याआधी गाडीची सर्व्हिसिंग झाली होती, बिलही होतं, पण रेडिएटरच्या पाइपची क्लिप कुणी आवळायची असते ते बिलात लिहिलेलं नव्हतं. कूलंट रस्ताभर ठिपकत गेलं असणार. नशीब एवढंच की घाट चढायला लागायच्या आधी वाफ आली. वळणावर अडकलो असतो तर मागे आंब्याचे ट्रक उभे राहिले असते.

नवरा खाली उतरून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात तुमचा पुतण्या खळ्यातून ओरडत आला, "झाकणाक हात लावू नकात!" आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं, झाकण सैल झालं की तोंडावर फवारा. त्या एका ओरडण्याबद्दल त्याचे आभार वेगळे मानायला हवेत.

आणि त्याच्यामागून तुम्ही आलात. तुमचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. क्षणभर मी घाबरले. कोकमासाठी रातांबे फोडत होता तुम्ही.

"चेडवाक घेवन उन्हात कित्या उभी रवलंस? हय ये."

एवढंच. मुलीच्या गळ्यावर घामोळं आलं होतं, केसांत बिस्किटाचा चुरा होता, नऊ दिवसांत ती धड जेवली नव्हती आणि हे सगळं तिच्याकडे बघितल्याबरोबर कळत होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही काही विचारलंच नाही. हात धुतलेत, विहिरीचं पाणी घंगाळात ओतलंत आणि तिला त्यात बसवलंत. ती रडली नाही. दोन मिनिटांनी पाण्यावर थापा मारायला लागली.

मग ती पेज. उकड्या तांदळाची, अजून कोमट. मी म्हटलं, खाणार नाही ती, चमचा बघितला की तोंड फिरवते. तुम्ही ऐकल्यासारखंही केलं नाहीत. फणसाचं एक पान तोडलंत, पुसलंत, द्रोणासारखं दुमडलंत आणि नारळाच्या झापातली हीर टोचून त्याचा चमचा केलात. तो तिच्या हातात दिलात आणि पुन्हा रातांबे फोडायला बसलात. तिच्याकडे पाठ करून! माझा जीव वरखाली होत होता. अर्धी पेज फ्रॉकवर गेली, उरलेली पोटात. एक वाटी, मग दुसरी. मधेच तिने रातांब्याची एक फोड उचलून तोंडात घातली, डोळे घट्ट मिटले, अंग शहारलं आणि परत चाटली. त्या फ्रॉकवरचा डाग अजून गेलेला नाही.

ती पडवीत गोधडीवर झोपली तेव्हा मी सवयीने उठवायला गेले, की आता झोपली तर रात्री जागेल. "निजांदे तिका," म्हणालात. आणि मग माझ्याकडे वळून, "तू जेवलंस काय?"

आजी, नऊ दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सकाळपासून माझ्या पोटात तिनं टाकलेलं अर्धं केळं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी सोलांच्या आंबट वासावर ढकललं. तुम्ही पेजेबरोबर भाजलेला पापड आणि लोणच्याची फोड ठेवलीत आणि मी जेवत असताना एक शब्द बोलला नाहीत. टोपी नाही, मोबाइल नाही, "आमच्या वेळी" नाही. तीन तासांत एकदाही तुम्ही मला मूल कसं वाढवायचं ते सांगितलं नाहीत, आणि खरं तर सांगितलं असतं तर मी तुमचंच ऐकलं असतं.

पुतण्या मोटारसायकलवरून पाइप आणि क्लिप घेऊन आला, बसवली, पाणी भरून गाडी चालू करून बघितली. पैसे घेतले ते फक्त सामानाचे. तुम्हाला द्यायला गेले तर "ह्या काय हॉटेल आसा?" म्हणून हात मागे घेतलात. मग सासूबाईंनी पेटी उघडून सहा हापूस तुमच्या पुढ्यात ठेवले. कोकणातल्या घरात, मे महिन्यात, हापूस! आम्ही सगळे शरमलो. तुम्ही मात्र ते पदरात घेतलेत, एक नाकाशी धरून बघितलात आणि आत जाऊन दोन किलो उकडे तांदूळ बांधून आणलेत. घाट चढताना सासूबाई पहिल्यांदाच नातीला सीटवर झोपलेली बघत गप्प बसल्या. हजार रुपयांचा विषय निघाला नाही.

आता मुख्य अडचण. ते तांदूळ मी इथे तीनदा शिजवले. पेज होते, पण तुमच्यासारखी होत नाही. आमच्या सोसायटीत फणस नाही. मी बदामाच्या पानाचा चमचा करून बघितला. मुलीने तो उलटासुलटा पाहिला आणि "हा नाय" म्हणून परत दिला. तेव्हा पुतण्याकडून एवढं कळवा: मीठ तांदळाबरोबर घालता की पेज उतरवल्यावर? आणि पान कोवळं घ्यायचं की जून?

तिचा डावा बूट तुमच्याकडे नाही, शोधू नका. तो वेंगुर्ल्याच्या वाळूत गेला.

तुमची,
पांढऱ्या गाडीतली