उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सा. न.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता, हे माहीत आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा.

वडिलांची १९८६ची राजदूत ३५०, म्हणजे आरडी. हौसेपायी मी तिला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे फुगीर पोटाचे सायलेन्सर बसवले, हवेच्या फिल्टरचा डबा काढून पॉड, म्हणजे उघडे फिल्टर लावले, आणि तिथून आमचं बिनसलं. वरच्या रेव्हला अडखळायची, तापली की डावीकडून कडकड वाजायची. चार गॅरेजं झाली. एकाने पेट्रोलला शिव्या दिल्या. दुसऱ्याने हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवून पाचशे रुपये घेतले. तिसऱ्याने दोन्हीकडचे मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी नळ्या बदलल्या, कशाला ते त्यालाच ठाऊक. चौथा म्हणाला, "भंगारात घाला, साहेब." दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, पण दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत, असं एकालाही वाटलं नाही.

तुम्ही नवे प्लग टाकलेत आणि या वयात माझ्या मागे बसलात. कागलच्या रस्त्याला फुल थ्रॉटल, मग तुमची हाक, "आता!" क्लच आत, इग्निशन बंद. गाडी हळूहळू चालवत गॅरेजात आणली असती तर खरा रंग काजळीखाली गेला असता, हे मला तिथं कळलं.

रस्त्याकडेला तुम्ही पांढरा रुमाल पसरून त्यावर दोन्ही प्लग ठेवलेत. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसलो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकाने पुसलात आणि माझ्या हातात दिलात. "गाडी तुझी हाय न्हवं? मग तू सांग की."

मामा, तो चष्मा मी विसरणार नाही. काडीला तुमच्या कानाची ऊब होती. उजव्या प्लगची चिनीमाती बदामी, दुधाळ चहासारखी. डावी पांढरीफटक, आणि तिच्यावर मिठाच्या कणाएवढे चमकते ठिपके. "त्यो पिस्टन हाय तुझा," तुम्ही म्हणालात, "वितळून तिथं बसाय लागलाय." पोटात गोळा आला. अजून दोन-चार रपेटी मारल्या असत्या, तर पिस्टनला भोक पडलं असतं.

दोष जेटचा नव्हताच. डावा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबराला चीर होती. बोटाने वाकवल्यावरच दिसली. तिथून फुकटची हवा आत जात होती, पेट्रोल कमी पडून डावा सिलिंडर तापत होता. रबर बदललंत. मजुरी पुरती घेतलीत, तेही बरं वाटलं. उपकाराचं ओझं ठेवलं नाहीत.

हातात कसब असलेली माणसं कोल्हापुरात कमी नाहीत. पण गिऱ्हाइकाला अडाणी ठेवण्यातच बहुतेकांचा धंदा असतो. तुम्ही तुमच्या पोटापाण्याची विद्या रस्त्याकडेला, रुमालावर मांडून दाखवलीत. असा चांगुलपणा आधी कुठं भेटला असता, तर दीड वर्ष मी गाडीला शिव्या दिल्या नसत्या.

काल पुन्हा कागलपर्यंत गेलो आणि डावा प्लग काढला. फोटो नातवाच्या मोबाईलवर पाठवलाय. रंग तुम्ही सांगू नका, मीच सांगतो: बदामी.

तुमचा,
आरडीवाला