रेस्टॉरंटबद्दल लिहिताना वीस जणांच्या ग्रुपचंही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत शहरातल्या रेस्टॉरंटबद्दल जे येतं ते मी नेहमी वाचते. चव कशी, डेकोर कसं, सर्व्हिस कशी, दोघांचं बिल साधारण किती हे सगळं त्यात असतं. पण सगळं दोघांच्या हिशोबानेच. कुणाची पंच्याहत्तरी, कुणाची रिटायरमेंट, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असं काही असलं आणि वीस-पंचवीस जणांना घेऊन जायचं असलं की त्यातली निम्मी माहिती कामाची नसते आणि जी हवी ती कुठेच मिळत नाही. घरातलं नि ऑफिसातलं असं बुकिंग बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं म्हणून हे लिहितेय.

पहिला प्रश्न टेबलाचा. फोन केला की पलीकडून एकच उत्तर येतं, "हो हो, होईल अ‍ॅडजस्ट", आणि अ‍ॅडजस्ट म्हणजे काय तर चौकोनी टेबलं एकाला एक जोडून लांबच लांब रांग. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गप्पा मारणाऱ्या घोळक्यांचा अभ्यास केलाय, त्यात दिसलं की एका वेळी एका गप्पेत साधारण चार जणच टिकतात, त्याहून जास्त झाले की गप्पा आपोआप फुटतात. म्हणजे चोवीस जणांच्या रांगेत सहा वेगळ्या गप्पा चालणार आणि जिच्यासाठी आपण जमलोय ती व्यक्ती त्यातल्या एकाच गप्पेत अडकणार, भिंतीकडच्या बाजूला बसवली असेल तर तिला उठून दुसऱ्या टोकाला जाताही येत नाही. त्यापेक्षा गोल टेबलं कधीही बरी. पाच फुटी गोल टेबलावर आठ जण बसतात, सहा फुटीवर दहा, माणशी कडेची जवळजवळ दोन फूट जागा धरायची. वीस जणांना सहा फुटी दोन टेबलं शेजारी शेजारी मागा आणि प्रत्येकावर एक जास्तीची खुर्ची ठेवायला सांगा, उत्सवमूर्ती अर्धा वेळ इथे अर्धा वेळ तिथे बसू शकते. खुर्ची मावते की नाही हे मात्र आधी विचारून घ्या.

दुसरं म्हणजे आवाज, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपण नेहमीचं बोलतो ते साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये आवाज ८० च्या वरही जातो, आणि डेसिबलमध्ये दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते म्हणजे हा फरक किती मोठा ते बघा. त्यात भर म्हणजे आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत वरच्या पट्टीत बोलायला लागतो (एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच हे सांगितलं, त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं), मग शेजारचं टेबल अजून वरच्या पट्टीत जातं आणि हे चढतच राहतं. वय झालं की कानाला आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, स, श, फ असली अक्षरं निसटतात, म्हणजे आवाज येतो पण शब्द कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक ऐकू येण्याचा त्रास आहे, तेव्हा वीस जणांत असं एखादं माणूस असणारच. टेबलाच्या टोकाला बसलेले आजोबा बघा, सगळे हसले की तेही हसतात, कुणी काही विचारलं की नुसती मान हलवतात, आणि थोड्या वेळाने "घरी कधी जायचं" विचारतात. त्यांच्याच वाढदिवसाला असं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून जागा बघायला दुपारी चार वाजता रिकाम्या वेळी जाऊ नका, ज्या वारी ज्या वेळेला जेवण आहे त्याच वेळेला जाऊन पाच मिनिटं उभं राहा. नुसती काच, गुळगुळीत फरशी, उघडं छत असेल तर आवाज घुमतो. पडदे, गालिचा, गादीच्या खुर्च्या असतील तर शोषला जातो. डोक्यावर स्पीकर आहे का तेही बघा.

जेवणाचं म्हणाल तर पंचवीस जणांनी मेन्यूकार्ड बघून पंचवीस वेगळ्या ऑर्डरी दिल्या तर कुठलंही किचन अडखळणार, पहिल्याचं जेवण संपतं तेव्हा शेवटच्याची प्लेट येते. दोन-तीन स्टार्टर, चार-पाच मेन डिशेस आधी ठरवून दिल्या की सगळ्यांचं एकत्र येतं. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ती लेखी द्या, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं. बुफे असेल तर गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवलेले हवेत आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, लोक उशिरा येणार असतील तर हे आधीच बोलून घ्यावं. अ‍ॅडव्हान्स किती, आयत्या वेळी चारजण कमी झाले तर काय, आणि जागा किती वाजेपर्यंत आपली, हे मेसेजवर लिहून घेतलेलं बरं.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच की तुमच्या प्रत्येक रेस्टॉरंट लेखाखाली एक छोटी चौकट द्या. एका ठिकाणी जास्तीत जास्त किती जण बसतात, टेबलं कुठल्या आकाराची, वेगळी खोली आहे का आणि त्यासाठी किमान बिलाची अट आहे का, पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का, आणि गर्दीच्या वेळी आवाज किती. आवाज मोजायला मोबाइलमधलं अ‍ॅप चालेल, अगदी अचूक नसलं तरी एकाच फोनवर सगळीकडे मोजलं तर दोन जागांची तुलना तरी करता येईल. तुमचा प्रतिनिधी तिथे जेवायला जातोच, त्याला यासाठी दहा मिनिटं जास्त लागतील. आत्तापर्यंत ज्या जागांबद्दल छापलंय त्यांचीही अशी माहिती एकत्र करून दिलीत तर आम्ही ते पान कापून ठेवू.

आपली,
एक नियमित वाचक